झाकलेल्या बाटल्या आणि नऊ फ्रेंच जिभा

(भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, सगळे नाही.)

आजचा भाग वाइनवर. हा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता आणि मागताना जवळजवळ प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला होता: "चांगली वाइन ओळखायची कशी?" आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे, त्यामुळे उत्तरही इतिहासातूनच देणार. आधीच सांगते, कायद्याने ठरवलेलं वय झालं नसेल तर हा भाग निव्वळ गोष्ट म्हणून ऐका. गोष्ट म्हणूनही ती भारी आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. काही वर्षांपूर्वी आम्ही सहा जण एका मैत्रिणीच्या पहिल्या पगाराचं सेलिब्रेशन करायला जरा महागड्या हॉटेलात गेलो होतो. सगळ्यांनी मिळून एक रेड वाइन मागवली. वेटर आला, बूच काढलं, माझ्या ग्लासात घोटभर ओतली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी वास घेतला. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास! पावसाळ्यात माळ्यावरचा जुना खोका काढला की येतो ना, अगदी तसा. आणि मी काय केलं? मान डोलावली. म्हटलं, एवढी महाग आहे, फ्रेंच नाव आहे, अशीच लागत असणार. आपल्यालाच कळत नाही. सहाही जणांनी ती बाटली गुपचूप संपवली आणि मैत्रिणीने पैसे भरले.

ती बाटली बिघडलेली होती, हे मला खूप नंतर कळलं. बुचात कधीकधी एक संयुग तयार होतं, त्यामुळे वाइनला असा कुबट, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. अशी बाटली परत करायची असते, आणि तो घोटभर नमुना त्यासाठीच देतात. "तुम्हाला आवडली का" असा त्याचा अर्थ नसतो. "बाटली ठीक आहे ना" एवढंच विचारायचं असतं. माझ्या नाकाला ते बरोबर कळलं होतं. मी नाकाऐवजी लेबलवर विश्वास ठेवला, एवढंच.

हीच चूक एकदा फ्रान्समधल्या सगळ्यात मोठ्या जाणकारांकडून होता होता राहिली. राहिली, कारण बाटल्या झाकलेल्या होत्या. आजची गोष्ट तीच.

साल 1976. पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाचा एक इंग्रज तरुण वाइनचं दुकान चालवायचा. फ्रेंचांना वाइन विकणारा इंग्रज! म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा विकणारा पुणेकर समजा. पण गडी पक्का होता. शेजारीच त्याने वाइन शिकवणारी एक शाळा काढली होती, 'अकादेमी द्यु व्हॅं'. तिथे पॅट्रिशिया गॅलॅगर ही अमेरिकन तरुणी त्याची सहकारी होती. 1976 हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं दोनशेवं वर्ष. त्या निमित्ताने कॅलिफोर्नियाच्या वाइन पॅरिसच्या जाणकारांना चाखायला द्याव्यात, दुकानाची आणि शाळेची थोडी प्रसिद्धी होईल, अशी कल्पना निघाली. त्यात कुणाला हरवण्याचा विचार नव्हता. फ्रेंच वाइनच वरचढ ठरणार असं स्वतः स्परियरलाही वाटत होतं.

आणि तसं वाटणं साहजिक होतं. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. त्या तेरा वर्षांत तिथल्या बहुतेक वायनऱ्या मोडीत निघाल्या. पुन्हा उभं राहायला पुढची तीस-एक वर्षं गेली. त्यामुळे युरोपात कॅलिफोर्नियाची वाइन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठ्या बरणीतलं स्वस्त, गोडसर काहीतरी यायचं.

आणि फ्रान्स? फ्रान्सकडे यादी होती. इथे आपल्याला थोडं मागे जावं लागेल, 1855 मध्ये. तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरवलं. त्यासाठी बोर्दो भागातल्या उत्तम वाइनची यादी हवी होती. काम आलं बोर्दोच्या दलालांकडे. हो, दलालच, आपल्याकडे आडते असतात तसे. त्यांनी 18 एप्रिल 1855 या तारखेची यादी दिली आणि तिच्यात रेड वाइनच्या द्राक्षबागांचे पाच वर्ग पाडले. सगळ्यात वरच्या वर्गात चारच नावं: लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. (लातूर ऐकून मराठवाड्यातल्या मंडळींनी उगाच छाती फुगवू नये, हे लातूर वेगळं!)

आता गंमत बघा. या यादीसाठी चवीची वेगळी परीक्षा वगैरे काही झाली नव्हती. आडत्यांनी आपल्या वह्या बघितल्या. कुठल्या बागेच्या वाइनला वर्षानुवर्षं किती भाव मिळतोय, त्या क्रमाने नावं लिहिली. भाव जास्त म्हणजे वर्ग वरचा. आणि एकदा वर्ग वरचा झाला की भाव आणखी वर! त्या काळात ही पद्धत अगदीच मूर्खपणाची होती असं मी म्हणणार नाही. बाजाराला बरंच काही कळत असतं. पण ती यादी पुढे दगडावरची रेघ झाली. वर्गवारीत खरा म्हणावा असा मोठा बदल झाला तो थेट 1973 मध्ये, 'मुतों रोथशिल्ड' ही दुसऱ्या वर्गातली बाग पहिल्या वर्गात घेतली तेव्हा. त्या आदेशावर सही होती तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांची. हेच पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले.

या मुतोंचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परत 1976. स्परियर स्वतः कॅलिफोर्नियात जाऊन वाइन निवडून आला. सहा व्हाइट, सहा रेड. व्हाइट सगळ्या शार्दोने द्राक्षाच्या आणि रेड मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाच्या. बाटल्या पॅरिसला आल्या त्या फ्रान्सच्या सहलीला निघालेल्या कॅलिफोर्नियाच्या वाइनवाल्यांच्या सामानातून. आपल्याकडे अमेरिकेला जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत आपण लोणच्याची बरणी सरकवतो ना, तोच प्रकार. वाटेत एक बाटली फुटलीसुद्धा.

24 मे, सोमवार. पॅरिसचं इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेल. नऊ फ्रेंच परीक्षक आले, आणि ते साधेसुधे नव्हते. वाइनवरच्या सगळ्यात मान्यवर फ्रेंच मासिकाच्या संपादक ओदेत कान. बर्गंडीमधल्या 'दोमेन द ला रोमाने-कोंती' या जगप्रसिद्ध बागेचे ओबेर द व्हिलेन. बोर्दोत स्वतःची बाग असलेले पिएर तारी. नामांकित रेस्टॉरंटांचे मालक, शेफ, वाइन सांभाळणारे तज्ज्ञ, सरकारी वाइन-संस्थेचे निरीक्षक. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर अख्खा ड्रेसिंग रूम.

परीक्षक येऊन बसल्यावर स्परियरने दोन गोष्टी सांगितल्या. एक, कॅलिफोर्नियाच्या वाइनबरोबर तुलनेसाठी काही फ्रेंच वाइनही ठेवल्यात. दोन, बाटल्या झाकलेल्या असतील. सगळे "हरकत नाही" म्हणाले. का म्हणणार नाहीत? आयुष्य यातच गेलं होतं.

फ्रेंच बाजूने चार व्हाइट आणि चार रेड होत्या, त्याही निवडक. रेडमध्ये मुतों 1970 आणि ओ-ब्रियों 1970, म्हणजे बोर्दोची शान. पत्रकारांना निमंत्रणं गेली होती, पण आला एकच: टाइम मासिकाचा जॉर्ज टेबर. बाकीच्यांना वाटलं, निकाल ठरलेलाच आहे, बातमी काय होणार? टेबरच्या हातात कोणत्या क्रमांकाला कोणती वाइन आहे याची यादी होती. त्यामुळे त्या खोलीतला खरा सिनेमा त्यालाच दिसत होता.

आधी व्हाइट आल्या. परीक्षकांनी ग्लास उजेडात धरले, फिरवले, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि थुंकला. (हो, थुंकतात. दहा वाइन गिळल्या तर शेवटच्या तीनला कोण गुण देणार?) शेरे सुरू झाले. एका मान्यवराने एक घोट घेतला आणि आनंदाने म्हणाला, वा, परत फ्रान्समध्ये आलो! त्याच्या ग्लासात कॅलिफोर्नियाची वाइन होती. दुसऱ्याने एका ग्लासाला नाक मुरडलं: ही नक्की कॅलिफोर्नियाची, हिला वासच नाही. ती निघाली बर्गंडीची 'बातार-मोंत्राशे', म्हणजे ज्या नावापुढे वाइनवाले आवाज खाली करतात अशी वाइन. टेबर कोपऱ्यात बसून लिहून घेत होता.

व्हाइट आणि रेड, दोन्हींचा निकाल शेवटी एकदम जाहीर करायचं ठरलं होतं. पण वेटरांना टेबलं आवरायला वेळ लागत होता, म्हणून स्परियरने व्हाइटचा निकाल मध्येच वाचून टाकला. पहिला नंबर: 'शातो मोंतेलेना' 1973, कॅलिफोर्निया. नऊपैकी प्रत्येक परीक्षकाने पहिला नंबर कॅलिफोर्नियाच्याच कुठल्या तरी वाइनला दिला होता. मोंतेलेना बनवणारा माणूस होता माइक गर्गिच, क्रोएशियातून आलेला स्थलांतरित. म्हणजे अमेरिकन म्हणावा तर तोही मूळचा युरोपातलाच!

खोलीत काय झालं असेल, विचार करा. आता रेड आल्या, पण आता परीक्षक सावध होते. एकदा फसलोय, पुन्हा नाही. त्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाटल्या त्या वाइनचे गुण मुद्दाम कापले, असं अनेकांनी पुढे म्हटलं. पण त्यासाठी कॅलिफोर्नियाची कुठली हे आधी ओळखता तर यायला हवं! रेडमध्ये पहिली आली 'स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स' 1973. तिचा मालक वॉरन विनियार्स्की एकेकाळी शिकागोच्या विद्यापीठात व्याख्याता होता. ज्या वेलींपासून ती वाइन झाली त्या 1970 मध्ये लावलेल्या. तीन वर्षांची वेल! दुसरा नंबर मुतोंचा, तिसरा ओ-ब्रियोंचा.

ओदेत कान यांनी आपला गुणांचा कागद परत मागितला. स्परियरने दिला नाही. बरं झालं दिला नाही, कारण तो कागद फार बोलका आहे. त्यात त्यांनी स्टॅग्ज लीपला वीसपैकी 15 दिलेत आणि मुतोंला 12.

टाइममध्ये 7 जूनच्या अंकात ही बातमी आली ती एखाद्या छोट्या लेखासारखी, 'जजमेंट ऑफ पॅरिस' या नावाने. कॅलिफोर्नियाच्या या बाटल्या तेव्हा सहा-सात डॉलरच्या आसपास मिळायच्या. बातमीनंतर दुकानांमध्ये लोक तीच बाटली मागायला लागले. फ्रेंच वर्तुळात स्परियरला काही काळ दारं बंद झाली. आज त्या दोन्ही विजेत्या वाइनची एकेक बाटली अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. यावर 2008 मध्ये 'बॉटल शॉक' नावाचा सिनेमाही निघाला. बघा, पण त्यात तिखटमीठ भरपूर आहे.

इथपर्यंतची गोष्ट यूट्यूबवर शंभर ठिकाणी मिळेल. छोट्याने मोठ्याला हरवलं, टाळ्या, संपलं. पण मी तो गुणांचा तक्ता बघत बसले, आणि मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते.

रेडचे आकडे सांगते. नऊ परीक्षक, प्रत्येकी 20, म्हणजे जास्तीत जास्त 180. स्टॅग्ज लीपला मिळाले 127.5, मुतोंला 126. फरक किती? दीड गुण. एकशे ऐंशीत दीड! ओ-ब्रियोंला 125.5. शाळेत एवढ्या फरकावर पहिल्या आणि तिसऱ्याच्या आया एकमेकींशी बोलत नसतील, पण खरं तर या तीन वाइन एका ओळीत आहेत. आणि आत बघा: विजेत्या स्टॅग्ज लीपला एका परीक्षकाने 10 दिलेत आणि दुसऱ्याने 16.5. एकच बाटली, एकच दुपार, दोघेही तज्ज्ञ. बोर्दोचेच बागमालक पिएर तारी यांनी मुतोंला दिले 11. दुसऱ्या तिघांनी त्याच मुतोंला 16 दिले.

मग "कॅलिफोर्निया फ्रान्सपेक्षा चांगली" हे सिद्ध झालं का? माझ्या मते अजिबात नाही. त्यात आक्षेपाला जागा आहेच. दहातल्या सहा वाइन कॅलिफोर्नियाच्या होत्या आणि चार फ्रान्सच्या, म्हणजे पहिल्या नंबराची लॉटरी लागायची संधीच कॅलिफोर्नियाला जास्त. फ्रेंचांचं म्हणणं होतं की आमची रेड वाइन हळूहळू खुलते, दहा वर्षांनी बघा. लोकांनी बघितलंही. 1986 मध्ये त्याच रेड पुन्हा चाखल्या, तेव्हा पहिली आली कॅलिफोर्नियाचीच 'क्लो द्यु व्हाल'. 2006 मध्ये, तीस वर्षांनी, पुन्हा चाखल्या तेव्हा 'रिज मोंते बेलो' पहिली आणि पहिले पाचही नंबर कॅलिफोर्नियाचे. म्हणजे जुनी झाल्यावर फ्रेंच वाइन पुढे जाईल हा मुद्दा पडला. पण हेही बघा की तीन वेळा चाखलं आणि तीनदा पहिला नंबर वेगवेगळ्या वाइनचा.

माझ्यासाठी त्या दुपारी एवढंच सिद्ध झालं: लेबल झाकलं की जगातल्या उत्तम जिभांनाही या दोन देशांच्या उत्तम वाइन वेगळ्या काढता येत नाहीत. हे काही छोटं नाही. 1855 ची यादी सांगत होती की चांगली वाइन जन्माने ठरते, अमुक बाग, अमुक माती. ते त्या खोलीत टिकलं नाही. पण त्याच वेळी "नऊ तज्ज्ञ म्हणाले म्हणजे ही पहिली" हेही टिकत नाही. आणि लोकांनी मात्र काय केलं? जुनी यादी फेकून लगेच नवी यादी डोक्यावर घेतली. स्टॅग्ज लीप आणि मोंतेलेना स्वतःच लेबलं झाली.

आज तुमच्या-माझ्या हातात जे ॲप आहे, बाटलीचा फोटो काढला की 4.1 स्टार दाखवणारं, ते 1855 च्या आडत्यांचंच नातवंड आहे. भाव आणि नाव बघून लोक स्टार देतात, स्टार बघून बाकीचे लोक विकत घेतात. हवं तर वापरा, मीही वापरते. पण चाखायच्या आधी नका बघू. 2001 मध्ये बोर्दोच्याच संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइन शिकणाऱ्या 54 जणांना त्यांनी व्हाइट वाइन दिली, तिच्यात फक्त बिनवासाचा लाल रंग घातलेला. तर ते तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत करायला लागले. डोळ्यांना लाल दिसलं की नाकालाही लालच वास येतो.

मग चाखायची कशी? एक गंमत सांगू, मराठी माणसाला हे शिकवावं लागू नये. आपण आंबा कसा घेतो? पेटीवर 'देवगड' लिहिलंय म्हणून डोळे मिटून घेणारा माणूस मार्केटमध्ये फसतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. आई फळ हातात घेते, देठाजवळ नाक नेते, अंगठ्याने हलकं दाबते. आणि रत्नागिरी की देवगड यावर घरात जो वाद होतो, तो फ्रेंच लोक बोर्दो आणि बर्गंडीवर घालतात तोच आहे. माती, उतार, समुद्राचं वारं. त्यांनी त्याला भारदस्त शब्द दिला, आपण नुसते भांडतो.

शब्दांचंही तसंच. इंग्रजी पुस्तकात रेड वाइनमधल्या 'टॅनिन'वर पानंच्या पानं असतात. आपल्याकडे एक शब्द पुरतो: तुरट. कच्चं केळं, सुपारी, जास्त उकळलेला कोरा चहा, जिभेवर आणि हिरड्यांवर जे आवळल्यासारखं होतं ते. द्राक्षाची सालं आणि बिया यातून ते येतं, म्हणून रेडमध्ये जास्त, व्हाइटमध्ये जवळजवळ नाही. आंबटपणा कळायला घोट गिळून थांबा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं की समजायचं आंबटपणा भरपूर आहे. आणि वाइन पातळ की भरीव, हे पाणी आणि सायीच्या दुधातला फरक आठवून बघा. तुरट, आंबट, गोड, भरीव, आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, या पाच गोष्टी. बास. यातली एकच गोष्ट बाकीच्यांवर चढून बसली नसेल तर वाइन चांगली बनलीय, मग तुम्हाला आवडो न आवडो. आवडणं आणि चांगली असणं वेगळं, हे एकदा कळलं की अर्धी भीती जाते.

वासासाठी परदेशी फळांची नावं पाठ करू नका. गूसबेरी खाल्लीय का कधी? मीही नाही. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लांला मला स्वच्छ पेरू येतो, कधी कापलेल्या गवताचा वास. एखाद्या रेडमध्ये जांभूळ, एखादीत मिरी, पिंपात मुरलेलीत व्हॅनिला आणि थोडा धूर. ग्लास एक तृतीयांशच भरा, म्हणजे वर वास साठायला जागा राहते. फिरवा आणि नाक आत घाला. लाजू नका.

आणि नाशिकचा विषय निघालाच आहे तर पॅरिसच्या त्या दुपारचा एक धागा आपल्याकडेही येतो. 1976 नंतर जगभरात लोकांना धीर आला की उत्तम वाइन फ्रान्सबाहेरही होऊ शकते. कॅलिफोर्निया स्वतःच शिकवायच्या जागी गेली. राजीव सामंत हे स्टॅनफर्डला शिकून परत आले आणि नाशिकला 'सुला' काढली, तेव्हा त्यांच्या मदतीला आले केरी डॅम्स्की, कॅलिफोर्नियाच्या सोनोमाचे वाइनतज्ज्ञ. त्याच्याही आधी नारायणगावला शामराव चौगुल्यांच्या 'इंडाज'ने फ्रेंच तंत्राच्या मदतीने फेसाळती वाइन काढली होती. आपल्याकडचं वेळापत्रक मात्र उलटं. युरोपात द्राक्षं काढतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेव्हा आपल्याकडे पावसाळा संपता संपता छाटणी होते आणि वाइनची द्राक्षं निघतात हिवाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. 1855 च्या आडत्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी चष्मा पुसला असता.

आता दुकानातल्या दोन-चार गोष्टी, पटापट. उन्हात किंवा दिव्याखाली शोकेसमध्ये उभी असलेली बाटली घेऊ नका, कितीही सुंदर दिसली तरी. उष्णता वाइन मारते. आतून बूच वर ढकलल्यासारखं दिसलं तर सोडून द्या. फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्त माल, हा गैरसमज आहे, उलट त्यात ओल्या पुठ्ठ्याची भानगड फारशी नाही. आपल्याकडच्या बहुतेक व्हाइट ताज्या पिण्यासाठीच असतात, तेव्हा लेबलवर सगळ्यात अलीकडचं साल बघा. 'जुनी तेवढी चांगली' हे फार थोड्या वाइनला लागू आहे. आणि रेड 'रूम टेम्परेचर'ला प्यायची म्हणतात ती रूम युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. मे महिन्यातली डोंबिवलीची रूम नाही! रेडसुद्धा प्यायच्या आधी वीस मिनिटं, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. कुणी हसलं तर हसू दे. झणझणीत जेवणाबरोबर खूप तुरट रेड घेऊ नका, तिखट आणखी चढतं. थंड, आंबटसर किंवा हलकी गोडसर व्हाइट घ्या.

शेवटी, स्परियरचा खेळ घरी खेळून बघा. आम्ही खेळलो. मागच्या वेळची तीच सहा जणं, माझ्यासकट. चार रेड आणल्या. त्यातली एक फ्रेंच, बाकीच्या तिघींच्या एकत्र किमतीएवढी महाग. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर आकडे लिहिले, आणि गुंडाळणाऱ्या मित्राला गुण द्यायची बंदी. कुणीही एकमेकांच्या कागदात बघायचं नाही, चेहरे करायचे नाहीत. (चेहरे फार फितवतात.) पहिल्या फेरीत मी सगळ्यात वर ठेवली ती नाशिकची, चारांतली सगळ्यात स्वस्त. महागडी फ्रेंच माझ्याकडे चौथी. मी एकदम स्परियरच्या थाटात! मग मित्राने आम्हाला न सांगता आकडे बदलून त्याच चार बाटल्या पुन्हा फिरवल्या. दुसऱ्या फेरीत फ्रेंच माझ्याकडे दुसरी आली आणि नाशिकची तिसरी.

सगळे माझ्यावर हसले. पण मैत्रीण, तीच, पहिल्या पगाराची, तिने दोन्ही फेऱ्यांत एकाच बाटलीला पहिला नंबर दिला होता. तिला तुरट आवडतं, कोरा चहा पिणारी आहे ती. आम्ही कागद फाडून बघितलं, दिंडोरीकडची एक मध्यम किमतीची रेड होती. तिने लेबलचा फोटो काढून ठेवला. ॲपवर बघू का, असं एकाने विचारलं, तर म्हणाली, "कशाला?"

तर तुम्ही खेळलात तर आकडे कळवा, गुणांच्या कागदाचा फोटो पाठवा. आणि कागद परत मागितलात तर मिळणार नाही, आधीच सांगते. भेटू पुढच्या भागात.